मोठं ऑपरेशन झेपणार नसेल तर…

गुदाशयाचा कॅन्सर, त्यात वय झालेलं, हृदय कमजोर. डॉक्टर ऑपरेशनला नाही म्हणाले की घरचे ‘आता काही उरलं नाही’ असं धरून चालतात. तसं नसतं.

रक्त जात असेल किंवा दुखत असेल तर शेक, म्हणजे रेडिओथेरपी, उपयोगी पडते. अनेकदा ५ दिवसांचा छोटा कोर्स पुरतो. त्यासाठी लातूरचं विवेकानंद रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय गाठता येतं. शौचाची वाट बंद होऊ लागली तर पोटावर पिशवी लावण्याचं छोटं ऑपरेशन करतात. पिशवीची लाज वाटते, पण पोट फुगून तडफडण्यापेक्षा ती बरी. जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, हाही पर्याय आहे. मात्र गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर नळी टोचते, म्हणून सहसा टाळतात. तब्येत साथ देत असेल तर केमोच्या गोळ्या.

दुखण्यावर मॉर्फिनची गोळी, साधारण दर ४ तासांनी. सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच. डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे घेतली तर व्यसनाची भीती फारशी नसते. २०१४च्या कायदादुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांना ही गोळी ठेवणं सोपं झालं. आपल्या रुग्णालयात ती मिळते का, हे पहिल्याच भेटीत विचारा.