वारंवार तोंड येते. पण पोट काय सांगते?

आपल्याकडे तोंड आले की निदान घरातच होते. “उष्णता वाढली!” मग सब्जा भिजतो, जाईचा पाला चघळला जातो आणि मेडिकलमधून बी कॉम्प्लेक्सची पट्टी येते. आठवडाभरात तोंड बरे होते व श्रेय पाल्याला मिळते. साधा व्रण काही न करताही ७ ते १४ दिवसांत भरतोच, हे कुणी सांगत नाही.

हा साधा व्रण ओठाच्या किंवा गालाच्या आत, जिभेच्या कडेला उठतो. डाळीच्या दाण्याएवढा, मध्ये पांढरट पिवळा, भोवती लाल. तिखटाचा घास लागला की डोळ्यांत पाणी आणतो. पुष्कळांना तो शाळेच्या वयापासून वर्षानुवर्षे येत राहतो. दाताने गाल चावणे, काळजी, ही नेहमीची निमित्ते. पण लोह, फॉलिक ॲसिड किंवा बी १२ कमी पडले तरी तोंड येते. सर्वांना वाढून उरलेसुरले खाणाऱ्या आणि पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या आमच्या भगिनींचे रक्त आधी तपासावे, उष्णतेला दोष नंतर द्यावा!

आता महत्त्वाचे. असाच व्रण आतड्याच्या आजारातही येतो, आणि नुसते तोंड पाहून डॉक्टरांनाही फरक सांगता येईलच असे नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन यांनी १९३२ साली सहकाऱ्यांसह लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज व जखमा होणाऱ्या रोगाचे वर्णन केले. त्यास क्रोनचा आजार म्हणतात. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. म्हणून तोंड येणाऱ्याला पोटाचे विचारावे. महिनाभर जुलाब आहेत काय? रात्री झोपेतून उठून संडासला पळावे लागते काय? शौचातून रक्त, उजव्या बाजूला ओटीपोटात कळ, बारीक ताप, वजनात घट? गुदद्वाराजवळ पुन्हा पुन्हा गळू? मुलांमध्ये कधी कधी पोटाची तक्रार नसतेच, फक्त उंची वाढायची थांबते. आपण मात्र “खात नाही” म्हणून त्यालाच रागावतो.

आपल्या देशात आणखी एक पेच आहे. आतड्याचा क्षय हुबेहूब असाच दिसतो. दुर्बिणीने आतडे पाहून तुकडा तपासल्यावाचून दोन्हींतला फरक करणे अवघड, आणि कधी कधी त्यानंतरही अवघडच. अंदाजाने क्रोन समजून स्टिरॉइड दिले आणि क्षय निघाला, तर तो भडकतो. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात व तो बरा होतो. क्रोन मुळापासून जात नाही, पण औषधांनी ताब्यात राहतो. काहींना गव्हातील ग्लुटेन सोसत नाही, त्यांचेही तोंड येते व पोट बिघडते. मात्र रक्त तपासण्याआधीच चपाती बंद करू नये. तपासणी चुकीची नॉर्मल येऊ शकते.

खरी अडचण लाजेची आहे. तोंड दाखवायला कुणी लाजत नाही, पण संडासची गोष्ट डॉक्टरांपुढे निघत नाही. नव्या सुनेची तर नाहीच. गळवाला मूळव्याध समजून स्टेशनाबाहेरच्या जाहिरातवाल्याकडे पैसे ओतले जातात. ओपीडीत दोन मिनिटे मिळतात, म्हणून घरीच कागदावर लिहून न्यावे : दिवसातून किती वेळा, रात्री किती वेळा, रक्त पडते का, वजन किती उतरले. बोलवत नसेल तर केसपेपरसोबत कागदच पुढे करावा. नाजूक जागीही व्रण येत असतील किंवा डोळे लाल होऊन दुखत असतील तर तेही लिहावे. तो बेहचेटचा आजार असू शकतो आणि त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो.

आणि एकाच जागचा व्रण ३ आठवड्यांत भरला नाही, कडा हाताला टणक लागल्या, तर तो दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. विशेषतः तंबाखू, गुटखा वा मिश्री लावणाऱ्यांनी. तिथे प्रश्न पोटाचा नसून कॅन्सरच्या शंकेचा असतो आणि त्याच आठवड्यात तोंड दाखवावे लागते.