धांवणाऱ्याची नडगी

पुलगांवाला खेटून वसलेलें नाचणगांव हें वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यांतील एक मोठें गांव आहे. मुलूख काळ्या मातीचा व कपाशीचा. आणि शेजारींच पुलगांवांत सैन्याच्या दारूगोळ्याचें मोठें कोठार. शेतीच्या बेभरंवशाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरांत सरकारी गणवेशाचें मोल काय असतें, हें अशा मुलखांत कोणाला समजावून सांगावें लागत नाहीं. विदर्भांतल्या गांवोगांवीं पहांटेच्या अंधारांत सडकेच्या कडेनें तरुण मुलें आणि मुली धांवतांना दिसतात, तीं पुष्कळदां याच आशेनें. महाराष्ट्र पोलिसांच्या शिपाईभरतींत मैदानी परीक्षेला ५० गुण असतात आणि त्यांतले २० गुण एका लांब धांवेचे असतात; ती पुरुषांना १६०० मीटर व स्त्रियांना ८०० मीटर. कांहीं मिनिटांत आटोपणारी ही धांव. परंतु तिच्यासाठीं महिनेच्या महिने पाय झिजवावे लागतात. आणि कधीं कधीं ते खरोखरीच झिजतात.

अशाच एका उमेदवाराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. वय सत्तावीस, आणि खुल्या वर्गाची वयोमर्यादा २८. म्हणजे ही बहुधा शेवटचीच संधि. भरतीची जाहिरात निघतांच त्यानें एकदम दोन्ही वेळां धांवावयास आरंभ केला. पहिला आठवडा उत्साहांत गेला. दुसऱ्या आठवड्यांत नडगीच्या आंतल्या कडेला ठणका लागूं लागला. चौथ्या आठवड्यांत जिना उतरतांनाहि त्याचें तोंड वेडेंवांकडें होऊं लागलें. घरचीं माणसें म्हणतात, 'तेल लावून चांगलें चोळ.' मित्र म्हणतात, 'एक गोळी घे आणि पळ.' त्याचें स्वतःचें मन म्हणतें, 'डॉक्टरकडे गेलों तर तो धांवूं नको म्हणेल. त्यापेक्षां न गेलेलेंच बरें.' पहिले दोन सल्ले मायेचे, तिसरा भीतीचा. त्यांत शहाणपणा कितपत आहे, हें नडगीच्या हाडांत काय घडतें तें कळल्यावांचून ठरवितां येत नाहीं.

हाड म्हणजे दगड नव्हे. तें जिवंत आहे. धांवतांना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुपटीतिपटीइतका जोर जमिनीकडून पायावर येतो, आणि १६०० मीटरांत अशीं हजाराहून अधिक पावलें पडतात. या माऱ्यानें हाडांत अतिसूक्ष्म चिरा पडतात. त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं, कारण त्या चिराच हाडाला बळकट होण्याची सूचना देतात. एका जातीच्या पेशी जुनें, दुखावलेलें हाड कोरून काढतात आणि मागाहून दुसऱ्या जातीच्या पेशी तेथें नवें हाड भरतात. मात्र कोरण्याचें काम कांहीं आठवड्यांचें, आणि भरण्याचें काम कांहीं महिन्यांचें. मातीच्या भिंतीची पोकळ झालेली बाजू गवंड्यानें खणून काढली, पण नवी माती अजून भरली नाहीं, अशा वेळीं वर आणखी एक मजला चढविला तर जें होईल, तेंच येथें होतें. नवशिक्याच्या पायाला तिसराचौथा आठवडा बाधतो, त्याचें कारण हेंच. शिवाय दम लौकर वाढतो, स्नायुहि लौकर तयार होतात; हाड मात्र मागें रहातें. 'आतां जमूं लागलें' असें वाटून माणूस वेग वाढवितो, तेव्हांच त्याचें हाड सर्वांत दुबळें असतें.

ही गोष्ट प्रथम लक्षांत आली ती सैन्यांतच. १८५५ सालीं प्रशियाच्या सैन्यांतील ब्राइटहाउप्ट नांवाच्या डॉक्टरानें लांब कूच केलेल्या शिपायांच्या पावलांना येणारी सूज व वेदना यांचें वर्णन लिहून ठेविलें. आपटल्याची वा पडल्याची खूण नसतांना ही व्यथा कशामुळें, हें कोडें चाळीस वर्षें सुटलें नाहीं. १८९५ सालीं राँटजेन यानें क्ष-किरणांचा शोध लाविला, आणि १८९७ सालीं स्टेकोव नांवाच्या डॉक्टरानें त्या किरणांच्या साहाय्यानें दाखवून दिलें कीं, त्या शिपायांच्या पावलांतलीं हाडें मोडलेलीं होतीं. एका घावानें न मोडतां हजारों लहान घावांनीं मोडणारें हें हाड. त्याला आज ताणभंग असें म्हणतां येईल.

नडगीचा प्रत्येक ठणका म्हणजे ताणभंग नव्हे. बहुतेकांचें दुखणें त्याच्या अलीकडचें असतें. त्याची ओळख अशी: नडगीच्या आंतल्या कडेवरून बोट फिरविलें असतां चारपांच बोटांहून अधिक लांबीचा पट्टा दुखतो, धांव सुरू करतांना ठणका जाणवतो व अंग तापल्यावर पुष्कळदां कमी होतो. ताणभंगाची तऱ्हा निराळी. तेथें एकाच जागीं, बोटाच्या टोकाएवढ्या ठिकाणीं, दाबलें कीं कळ उठते. धांवतां धांवतां दुखणें कमी न होतां वाढत जातें. पुढें चालतांना आणि मग रात्रीं अंथरुणावर पडल्यावरहि ठणकतें. त्या एका पायावर उडी मारवत नाहीं. अशीं लक्षणें असतां धांवणें त्याच दिवशीं थांबविलें पाहिजे. जांघेंत खोलवर दुखूं लागलें तर एक दिवसहि दवडूं नये; खुब्यापाशीं मांडीच्या हाडाची मान पुरती मोडली, तर शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर उरत नाहीं.

येथें एक फसगत होते. पहिल्या दोनतीन आठवड्यांत क्ष-किरणांच्या चित्रांत ताणभंग पुष्कळदां दिसतच नाहीं. 'फोटो काढला, कांहीं निघालें नाहीं,' असें म्हणून उमेदवार पुन्हां सडकेवर जातो. वास्तविक चित्र निर्दोष असलें तरी ठणका बोलत असतो. अशा वेळीं डॉक्टर पुन्हां कांहीं दिवसांनीं चित्र काढावयास सांगतात किंवा एम्. आर्. आय्. ही तपासणी सुचवितात. वर्धा जिल्ह्याचें सुदैव असें कीं, ग्रामीण भागांतलीं दोन मोठीं वैद्यकीय विद्यालयें याच जिल्ह्यांत आहेत. सेवाग्राम येथें १९६९ सालीं डॉ. सुशीला नायर यांनीं स्थापिलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व तिचें कस्तुरबा रुग्णालय आहे. आणि सावंगी मेघे येथें आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. तेथें जातांना रुग्णानें एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्याव्या: धांवणें केव्हां सुरू केलें, आठवड्याला किती अंतर होतें व तें कधीं वाढविलें, आणि दुखणें कोणत्या वेळीं व कोणत्या जागीं असतें. या तीन ओळी डॉक्टराला अर्धें निदान सांगून जातात.

आतां त्या तीन सल्ल्यांकडे पुन्हां वळावें. थकलेल्या पोटरीला हलक्या हातानें तेल लावल्यास बरें वाटतें. पण दुखऱ्या हाडावर जोरानें चोळल्यानें चीर सांधत नाहीं. गोळीनें वेदना दबते, चीर मात्र तशीच रहाते. म्हणजे घराला आग लागली असतां ओरडणाऱ्याचें तोंड बांधावें तसा हा प्रकार. शिवाय वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटीं घेतल्यास जठराला अपाय करतात, आणि उन्हाळ्यांत घाम जाऊन अंगांतलें पाणी आटलेलें असतां मूत्रपिंडांना इजा करतात. वर्ध्याच्या वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हें ध्यानांत ठेवावें. टांचेमागच्या जाड शिरेंत स्टिरॉइडचें इंजेक्शन घेऊन धांवणें तर त्याहून घातक. ती शीर तुटण्याचा संभव असतो. आणि तिसरा, न जाण्याचा सल्ला: डॉक्टर 'धांवूं नको' म्हणेल, हें बहुधा खरें. परंतु वेळेवर गेलेल्याला तो कांहीं आठवडे थांबवितो. उशीरा गेलेल्याला कांहीं महिने.

थांबणें म्हणजे मात्र खाटेवर पडून रहाणें नव्हे. सायकल चालविणें, पोहणें, पोटापाठीचे व मांड्यांचे व्यायाम यांनीं दम टिकून रहातो आणि नडगीवर भार पडत नाहीं. कांहीं दुखण्यांत तर व्यायाम हेंच औषध ठरतें. १९९८ सालीं स्वीडनमधील आल्फ्रेडसन या डॉक्टरानें टांचेमागच्या शिरेच्या जुनाट दुखण्यानें बेजार झालेल्या पंधरा हौशी धांवणाऱ्यांना एक साधा व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांनीं उभें राहून टांच सावकाश खालीं सोडावयाची. रोज दोन वेळां, बारा आठवडे. बारा आठवड्यांनीं ते पंधराहि जण पूर्ववत् धांवूं लागले. मात्र हा उपाय शिरेचा आहे, मोडलेल्या हाडाचा नव्हे. म्हणूनच आधीं निदान व्हावें लागतें.

परतीची वाटहि पायरीपायरीची असते. साधारण नडगीचा ताणभंग सहा ते आठ आठवड्यांत सांधतो, कधीं अधिक काळ लागतो. प्रथम चालणें सर्वस्वीं वेदनारहित झालें पाहिजे. मग मिनिटभर धांव, मिनिटभर चाल, तीहि एक दिवसाआड. आधीं अंतर वाढवावें, वेग शेवटीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नडगी दुखली तर एक पायरी मागें यावें. पोटाकडेहि दुर्लक्ष करूं नये. दूध, तीळ, डाळी, ज्वारीची भाकर हें सर्व लागतेंच. अर्धपोटीं धांवणाऱ्याचें हाड भरत नाहीं. मुलींच्या बाबतींत एक खूण विशेष महत्त्वाची: धांवण्याचा व्याप वाढला आणि मासिक पाळी थांबली, तर अन्न कमी पडत आहे व हाडें दुबळीं होत आहेत, असें समजावें. लाजेनें ही गोष्ट झांकून ठेवूं नये.

बीड जिल्ह्यांतल्या मांडवा गांवच्या शेतकरी कुटुंबांतून सैन्यांत आलेले अविनाश साबळे यांनीं २०२२ सालीं राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत रौप्यपदक मिळविलें. २०२५ च्या जुलैंत मोनॅको येथें धांवतांना त्यांच्या गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेला त्यांना मुकावें लागलें. एवढ्या मोठ्या धांवपटूलाहि जें टळलें नाहीं, तें सडकेवर धांवणाऱ्या उमेदवाराला कमीपणाचें कां वाटावें?

त्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा प्रश्न सोपा नाहीं. त्याला थांब म्हणणाऱ्यानें त्याची शेवटची संधि आपल्या शब्दांनीं तोलली पाहिजे. पण परीक्षेच्या दिवशीं मधल्याच फेरींत हाड मोडलें, तर गुणहि जातात आणि पायहि जायबंदी होतो. त्याच्या धाकट्या भावंडांना मात्र हें संकट टाळतां येण्यासारखें आहे. जाहिरातीची वाट न पाहतां, सहा महिने आधीं, दर दोनचार दिवसांनीं हाडाला विसावा देत ज्यानें धांवणें सुरू केलें, त्याच्या भिंतीची माती वेळेवर भरलेली असते. मग त्यावर मजला चढला तरी भीति नाहीं.