आकृती वगळून

फराळाचं ताट समोर आलं की एक खेळ करून बघा. डोळे मिटा आणि चकली तोंडात टाकण्याआधी तिच्यावरून बोट फिरवा. पहिल्यांदा एक काटा लागेल, मग दुसरा. मग कड वळतेय असं वाटेल. बाहेरच्या टोकापासून बोट सरकत सरकत मध्यापर्यंत पोचलं, मागचं सगळं आठवून जुळवलं, की मग लक्षात येईल की हे वेटोळं आहे. डोळ्याला हेच एका नजरेत कळलेलं असतं. डोळा आधी सगळं बघतो आणि मग बारकाव्यात शिरतो. बोट एकेक बारकावा गोळा करतं आणि सगळ्यात शेवटी त्याला पूर्ण वस्तू सापडते.

दृष्टिहीन मुलांसाठी शैक्षणिक साहित्य तयार करण्याचं सारं काम या एका फरकाभोवती फिरतं. तो विसरला की पुस्तक ब्रेलमध्ये येतं, पण धडा मागेच राहतो.

२०११च्या जनगणनेत पन्नास लाखांहून जास्त माणसांची नोंद दृष्टिदोष असलेली म्हणून झाली. त्यांतली शाळेच्या वयाची मुलं आज केवळ अंधशाळांतच नाहीत, तुमच्या-आमच्या गल्लीतल्या शाळेतही आहेत. 'चित्राचे निरीक्षण करा' हे वाक्य तिथे दर दोन पानांआड येतं. त्या वाक्यापाशी या मुलांनी काय करायचं?

डोळसांची अक्षरं, बोटांची अक्षरं

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हॅलेंटिन हाय यांनी अंध मुलांची शाळा काढली आणि जाड कागदावर रोमन अक्षरं उठावदार छापली. हेतू उत्तम होता, पण ती अक्षरं मुळात डोळ्यांसाठी घडलेली. त्यांची वळणं चाचपडताना मुलांची दमछाक व्हायची आणि स्वतःला लिहिता तर यायचंच नाही. पुढे शार्ल बार्बिए यांनी बारा ठिपक्यांची लिपी आणली. पण तिचं एक अक्षर बोटाच्या एका पेऱ्याखाली मावत नव्हतं. याच शाळेत शिकणाऱ्या लुई ब्रेलनं ठिपके सहावर आणले आणि १८२९ साली, विशीत असतानाच, आपली पद्धत प्रसिद्ध केली. सहा ठिपक्यांच्या त्रेसष्ट रचना, आणि प्रत्येक रचना बोट न हलवता कळणारी. हाय यांनी डोळ्याची वस्तू बोटाला दिली, ब्रेलनं सुरुवातच बोटापासून केली. साहित्यनिर्मितीतला चांगल्या-वाईटाचा निकष आजही हाच आहे.

भारतात ब्रेल आलं तेव्हा एक लिपी आली नाही, अनेक आल्या. प्रांताप्रांतांत, मिशनऱ्यांच्या शाळाशाळांत वेगळे संकेत होते. एका संकेतात छापलेलं पुस्तक दुसऱ्या शाळेत निरुपयोगी ठरे. १९५१ साली सगळ्या भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' हा एकच संकेत ठरला. त्याच वर्षी डेहराडूनला मध्यवर्ती ब्रेल छापखाना सुरू झाला.

भारती ब्रेलमधली मराठी मोठी शहाणी आहे. छापील 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि क नंतर. ब्रेलमध्ये आधी क, मग इ, म्हणजे जसा उच्चार तसा क्रम. वेलांटीला वेगळं चिन्ह नाही, इ हे अक्षरच ते काम करतं. मग 'मऊ' कसं लिहायचं? म पुढे ऊ ठेवला तर तो 'मू' होईल. म्हणून मध्ये अ घालतात. जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण अक्षराच्या आधी येते, कारण बोटाला पुढे काय येणार हे आधी कळलेलं बरं.

पण ही लिपी चुका माफ करत नाही. ल म्हणजे पहिला, दुसरा आणि तिसरा ठिपका, तर क म्हणजे पहिला आणि तिसरा. मधला एक ठिपका उठला नाही, तर 'लाल' चा 'काल' होतो. छापील मजकुरातली अशी चूक डोळा सवयीनं दुरुस्त करून घेतो. इथे मूल थबकतं, मागे जातं, ओळ पुन्हा वाचतं. म्हणून संगणकानं केलेलं ब्रेल रूपांतर कितीही चांगलं असलं, तरी शेवटी ब्रेल वाचणाऱ्या मुद्रितशोधकाच्या बोटाखालून प्रत्येक पान जायलाच हवं. वेळ आणि पैसा वाचवताना नेमकी हीच पायरी गाळली जाते.

सूट नावाची पळवाट

मजकुराचं एक वेळ जमतं, खरी अडचण आकृतीची. ब्रेल पुस्तकांत पुष्कळदा आकृतीच्या जागी एक ओळ असते: 'आकृती वगळली आहे.' केंद्रीय मंडळाच्या प्रश्नपत्रिकेतही नकाशा किंवा आकृतीऐवजी दृष्टिहीन परीक्षार्थींसाठी पर्यायी प्रश्न असतो. सवलत म्हणून तो योग्यच आहे, परीक्षेच्या तीन तासांत दुसरं काय करणार? पण परीक्षेत आकृती येणार नाही म्हटल्यावर वर्गात ती कोण शिकवणार? वर्षभर न शिकवलेल्या आकृतीची सूट, आणि सूट आहे म्हणून न शिकवलेली आकृती, असं हे चक्र फिरत राहतं. त्याच्या शेवटी 'अंध मुलांना विज्ञान-गणित झेपत नाही' असा शेरा बसतो. झेपत नाही की हातातच दिलं नाही, हे कुणी विचारत नाही.

हातात दिलं तर काय होतं, याला गणितानंच उत्तर दिलं आहे. अंधशाळांत आजही टेलर फ्रेम दिसते. चौकटीत आठ कोनांची भोकं आणि त्यांत बसणारे धातूचे चौकोनी खिळे. खिळ्याच्या एका टोकाला कंगोरा, दुसऱ्या टोकाला दोन टोचे. प्रत्येक टोक आठ दिशांना बसतं, म्हणजे एका खिळ्यात सोळा खुणा. त्यांत सगळे अंक आणि बेरीज-वजाबाकीची चिन्हं मावतात. अमेरिकेत अब्राहम नेमेथ या दृष्टिहीन गणितज्ञानं उच्च गणितासाठी ब्रेल संकेत तयार केला, तो १९५२ साली आला. स्वतःला हवं ते साहित्य मिळेना, म्हणून त्यानं ते घडवलं.

आकृती 'उठावदार' करणं म्हणजे छापील रेषा फुगवणं नव्हे. महाराष्ट्राच्या नकाशाचं उदाहरण घ्या. पाठ्यपुस्तकात एकाच पानावर किनारा, सह्याद्री, गोदावरी-कृष्णा-भीमा, जिल्ह्यांच्या सीमा आणि नावं असतात. तेच पान जसंच्या तसं उठवलं तर बोटाखाली नुसती खरखर येते. जाणता आकृतीकार त्या पानाचे तीन नकाशे करतो: एकावर फक्त सीमा आणि समुद्र, दुसऱ्यावर डोंगर आणि नद्या, तिसऱ्यावर जिल्हे. समुद्राला एक पोत, डोंगराला दुसरा. दोन रेषांत बोट दोन्ही ओळखेल इतकं अंतर. नावाऐवजी एक-दोन ब्रेल अक्षरं आणि त्यांची सूची शेजारच्या पानावर. घनाची आकृती तर उठवूच नये. लांबची कड आखूड काढायची, मागची तुटक काढायची, हे संकेत डोळ्यांचे आहेत. मुलाच्या हातात लाकडी ठोकळा द्यावा आणि जोडीला पुठ्ठ्याची उलगडणारी पेटी. काय ठेवायचं यापेक्षा काय काढून टाकायचं, हे ठरवणं जास्त अवघड. त्यासाठी विषयशिक्षक आणि ब्रेल जाणणारा माणूस एका टेबलाशी बसावे लागतात.

अशा आकृत्या पूर्वीपासून शिक्षक हातानं करत आले आहेत. सुतळीची नदी, सँडपेपरचं वाळवंट, डिंकानं चिकटवलेल्या डाळीची गावं. अडचण इतकीच की अशी प्रत एकच होते आणि हाताळून वर्षभरात झिजते. दिल्लीच्या आयआयटीतल्या गटानं यावर तोडगा काढला. त्रिमितीय छपाईनं साचा करायचा आणि त्यावर तापवलेला प्लास्टिकचा पत्रा ओढून कितीही प्रती काढायच्या. एनसीईआरटीच्या गणित-विज्ञानाच्या पुस्तकांतल्या आकृत्या त्यांनी अशा तयार केल्या आहेत. मराठी माध्यमाच्या पुस्तकांसाठी हे काम याच ताकदीनं व्हायला हवं.

कायदा झाला, फाइल उघडेना

पुस्तक ब्रेलमध्ये आणायला प्रकाशकाची परवानगी लागते, ही सबब आता उरलेली नाही. २०१२च्या दुरुस्तीनं आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात पुस्तक आणण्याची मुभा दिली. २०१३ साली मराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जून २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा तर मुलांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि शैक्षणिक साहित्य मोफत देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. त्याच वर्षी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं.

तरी मराठीची गाडी अडते, आणि ती एका अगदी घरगुती कारणानं. वर्षानुवर्षं आपली पुस्तकं आणि मासिकं युनिकोडपूर्व फाँटांत जुळवली गेली. पडद्यावर अक्षर सुंदर दिसतं, पण फाइलच्या पोटात 'क' नसतोच. असतं एखादं रोमन चिन्ह, ज्याला क चा मुखवटा चढवलेला असतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, म्हणजे पडदावाचक, त्याचा अर्थहीन गडबडगुंडा वाचतो आणि ब्रेल छपाई यंत्र तोच उठवतं. मग कुणीतरी स्वयंसेवक सगळं पुस्तक पुन्हा टाइप करतो. मूळ फाइल युनिकोडमध्ये असती आणि प्रकाशकानं ती दिली असती, तर महिन्यांचं काम दिवसांवर आलं असतं.

'आता सगळं ऐकता येतं, ब्रेल कशाला?' असंही म्हटलं जातं. ऐकणं हवंच. एनव्हीडीएसारखा पडदावाचक फुकट मिळतो आणि मराठीही बोलतो. पण 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच. 'श' आणि 'ष' बहुतेकांच्या तोंडी एकच. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला शब्द ठाऊक असतो, त्याचं रूप नव्हे. त्यातून शाळेबाहेर ब्रेलमध्ये वाचायला काही असेल तरच वाचायची सवय टिकते. स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, त्याचं मोल इथे कळतं.

शिवाय 'अंध' म्हणून नोंदलेल्या पुष्कळ मुलांना थोडं दिसतं. त्यांना ब्रेलपेक्षा ठळक मोठा टाइप, गडद विरोधी रंग आणि न चकाकणारा कागद उपयोगी पडतो. एकच साचा सगळ्यांना चालत नाही, ही साहित्यनिर्मितीची दुसरी अट.

किल्ल्याला हात लावू दे

भूगोलातली सर्वांत अवघड आकृती म्हणजे समोच्च रेषा. कागदावर एकात एक वेडीवाकडी कडी, आणि म्हणे हा डोंगर. डोळस मुलंही इथे गोंधळतात. पण दिवाळीत प्रत्येक वाड्यात आणि सोसायटीत या आकृतीचं उत्तर मातीत उभं असतं. किल्ल्याच्या पायथ्यापासून टोकापर्यंत बोट नेलं की चढ कळतो. ठरावीक उंचीवर सुतळीची कडी गुंडाळत गेलं, की जिथे चढ तीव्र तिथे कडी जवळ येतात, हे बोटालाच उमगतं. मग तीच सुतळी कागदावर चिकटवायची. धडा पूर्ण.

फक्त एक अडचण असते. किल्ल्यापाशी उभा असलेला मोठा माणूस सवयीनं म्हणतो, "हात लावू नकोस, बुरूज ढासळेल." या दिवाळीत ढासळू दे. बुरूज पुन्हा बांधता येतो.