अंगणातला कोबा आणि वैशाखातले ऊन

विदर्भात, मराठवाड्यात किंवा खानदेशात अलीकडच्या काळात बांधलेल्या घरांपुढे फाटकापासून पोर्चपर्यंत काँक्रीटचा कोबा सर्रास दिसतो, आणि त्याच्यावर वेड्यावाकड्या धावणाऱ्या भेगाही तितक्याच सर्रास दिसतात. भेगांचे कारण विचारले की उत्तर ठरलेले असते: इथले ऊनच तसे. हे उत्तर घरमालकाला, मिस्त्रीला आणि ठेकेदारालाही सोयीचे आहे, कारण त्यात कोणाच्याच कामाची तपासणी करावी लागत नाही. मग सिमेंट पातळ कालवून भेगेवर फासले जाते, चार महिने बरे दिसते आणि वर्ष उलटायच्या आत तीच भेग त्याच जागी परत येते. या सगळ्या खटाटोपात पैसे वाया जातात हे खरे, पण चुकीच्या जागी लक्ष दिले जाते हे जास्त वाईट. काँक्रीट ऊन चांगले सोसते. त्याला सोसत नाहीत त्या दोनच गोष्टी: ओले असताना अंगातले पाणी उडून जाणे, आणि पुढे आयुष्यभर हलायला जागा नसणे. उष्ण प्रदेशात कोब्याची देखभाल करायची, तर ती या दोन गोष्टींची करावी लागते.

हलण्याचा हिशेब आधी पाहू. एक मीटर काँक्रीट तापमानाच्या दर अंशाला साधारण एक शतांश मिलिमीटर वाढते किंवा आक्रसते. ऐकायला हे काहीच नाही. पण नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवा ४५ अंशांपर्यंत जाते, उघड्या कोब्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पुढे तापतो, आणि जानेवारीच्या पहाटे तोच पृष्ठभाग १० अंशांच्या आसपास येतो. ५० अंशांचा फरक धरला, तर दहा मीटर लांबीच्या कोब्यात पाच मिलिमीटरची हालचाल होते. त्यात काँक्रीट वाळताना कायमचे जे आक्रसते त्याची भर पडते. ‘आयएस ४५६’ हे भारतीय मानक संकल्पनासाठी हे आक्रसणे लांबीच्या दहा हजारांत तीन भाग धरते, म्हणजे दहा मीटरला आणखी तीन मिलिमीटर. दाबाला भक्कम असलेले काँक्रीट ताणाला फार दुबळे असते. दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्साच ते ताण सोसते. खाली मुरुमाला घट्ट धरून बसलेला आणि दोन्ही टोकांना भिंतीत अडकलेला दहा मीटरचा अखंड पट्टा आक्रसू लागला की तो कुठेतरी तुटणारच. तो कुठे तुटेल, एवढेच आपल्या हातात असते.

सांधा असतो तो यासाठी. जिथे तुटणार तिथे सरळ रेषेत आधीच कमकुवत जागा करून ठेवायची. चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटर जाडीच्या कोब्यात दर अडीच-तीन मीटरवर आडवा काप हवा, आणि तो जाडीच्या पाव ते एक तृतीयांश इतका खोल हवा. शोभेला वरवर मारलेल्या रेघोट्या या कामाच्या नाहीत, भेग त्यांना जुमानत नाही. २००२ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवरही ठरावीक अंतराने असे आडवे काप आहेत. एवढ्या यंत्रसामग्रीने घातलेल्या जाड काँक्रीटला जे लागते, ते घरापुढच्या चार इंची कोब्याला लागणार नाही असे मानायला काही आधार नाही. शिवाय घराचा जोता, पोर्चचे खांब, कुंपणाची भिंत आणि फाटकाचा उंबरा यांना कोबा थेट भिडता कामा नये. मध्ये थर्माकोलची किंवा डांबरी बोर्डाची पट्टी असली, की उन्हाळ्यात फुगलेल्या कोब्याला सरकायला जागा मिळते आणि जोत्यावर रेटा येत नाही.

रोजच्या रोजही कोबा वाकतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दुपारी वरचा थर तापतो आणि तळ थंड राहतो, तेव्हा प्रत्येक चौकोन मधोमध किंचित उचलला जातो. रात्री वरचा थर निवतो आणि कडा वर ओढल्या जातात. अमेरिकेतील अभियंता हॅराल्ड वेस्टरगार्ड यांनी १९२०च्या दशकात या ताणांचे गणित मांडले, आणि रस्त्यांच्या काँक्रीटचा विचार आजही त्यांच्या मांडणीला धरून होतो. घरमालकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की पहाटेच्या वेळी कोब्याच्या कडा आणि कोपरे आधाराविना असतात. भरलेला पाण्याचा टँकर नेमका त्या वेळी कोपऱ्यावर चढला तर कोपरा मोडतो. जिथे टँकर आत घ्यावाच लागतो, तिथे चार इंचांऐवजी सहा इंच जाडी धरणे हा उधळेपणा ठरत नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण बरेचसे नुकसान पहिल्या काही तासांतच होऊन गेलेले असते. सिमेंट वाळून घट्ट होते ही समजूत जितकी पसरलेली आहे तितकीच घातक आहे. सिमेंट घट्ट होते ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने, आणि पाणी संपले की ती क्रिया थांबते. भर दुपारी, गरम वारा सुटलेला असताना घातलेल्या कोब्याच्या पृष्ठभागावरून पाणी इतक्या वेगाने उडते की खालून वर येणारे पाणी त्याला पुरत नाही. वरचा थर अजून मऊ असतानाच ओढला जातो आणि त्याला बारीक, एकमेकींना समांतर भेगा पडतात. दर चौरस मीटरमधून तासाला एक किलो पाणी उडू लागले की हा धोका गंभीर होतो असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. आपल्याकडचे ‘आयएस ७८६१’ हे मानक ४० अंशांच्या वर केलेल्या काँक्रीटच्या कामाला विशेष काळजीचे काम मानते. प्रत्यक्षात मिस्त्री उन्हावर तोड म्हणून मिक्सरमध्ये जादा पाणी ओततो, कारण माल लवकर आवळतो आणि घोटाई जड जाते. त्या जादा पाण्याने काँक्रीट सच्छिद्र आणि दुबळे होते. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ताकद ठरते, हे डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्येच दाखवून दिले आहे. वरच्या पाण्यावर कोरडे सिमेंट भुरभुरवून केलेली घोटाई दिसायला गुळगुळीत होते, पण पुढे तिचेच पापुद्रे सुटतात.

यानंतर पाणी मारण्याचा काळ येतो. ‘आयएस ४५६’ साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान दहा दिवस काँक्रीट सतत ओले ठेवायला सांगते. राखमिश्रित सिमेंट असेल तर ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी, अशी शिफारस आहे. चंद्रपूर-यवतमाळच्या चुनखडीवर चालणारे सिमेंट कारखाने आणि औष्णिक वीज केंद्रांची राख जवळजवळ असलेल्या या भागात दुकानात मिळणारे सिमेंट बहुधा राखमिश्रितच असते. ते चांगलेच असते, फक्त सावकाश पिकते, आणि म्हणून त्याला जास्त दिवस ओल लागते. मानकातला ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंतोडे उडवायचे आणि दिवसभर कोबा तापत ठेवायचा, हा प्रकार पाणी मारण्यात मोडत नाही. उलट तापलेल्या नव्या पृष्ठभागावर एकदम गार पाणी पडले की वरचा थर झटक्यात आक्रसतो आणि त्यावर केसासारख्या भेगांचे जाळे उठते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे अंगणात दहा दिवस पाणी ओतायला सांगणे बरे दिसत नाही. हिशेब केला तर दहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद कोब्यावर वाफे करून इंचभर पाणी साठवायला ७५० लिटर लागतात, आणि मे महिन्यात ते रोज उडत राहते. पण वाफे हा एकच मार्ग नाही. ओले गोणपाट अंथरून त्यावर प्लॅस्टिकचा कागद कडा दाबून पसरला, तर एकदा दिलेली ओल बराच काळ टिकते आणि पाणी पुष्कळ कमी लागते. पृष्ठभागावर फवारायची संयुगेही मिळतात, जी पातळ पडदा तयार करून आतले पाणी धरून ठेवतात. आणि या आक्षेपाचे खरे उत्तर कॅलेंडरात आहे. कोबा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घालावा. त्या वेळी विहिरीला पाणी असते, वारा सौम्य असतो, आणि शिवाय काँक्रीट मुळातच कमी तापमानाला आवळते. मे महिन्यात ४० अंशांना आवळलेला कोबा पुढच्या हिवाळ्यात जितका आक्रसतो, तितका थंडीत घातलेला आक्रसत नाही. घाईच असेल तर उन्हाळ्यात निदान संध्याकाळ उतरल्यावर काम सुरू करावे, आणि खालचा मुरूम आधी भिजवून घ्यावा, नाहीतर तोही पाणी पितो.

घातलेल्या कोब्याची पुढची देखभाल म्हणजे मुख्यतः सांध्यांची निगा. हिवाळ्यात कोबा आक्रसतो तेव्हा सांधे रुंदावतात आणि त्यांत वाळू, बारीक खडी, माती जाऊन बसते. उन्हाळ्यात कोबा फुगायला लागला की या खड्यांमुळे सांधा मिटू शकत नाही. दोन्ही कडा खड्यावर रेटल्या जातात आणि त्यांचे टवके उडतात. कधीकधी तर दोन चौकोन एकमेकांना टेकून वर उचलले जातात. म्हणून उन्हाळा लागायच्या आत सांधे तारेच्या ब्रशने किंवा पातळ पट्टीने साफ करणे, हे वर्षातले सर्वांत मोलाचे काम. ते अर्ध्या दिवसात होते आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. साफ केलेल्या सांध्यात फोमची दोरी दाबून वर पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनचे लवचीक भरण घालता येते. साधे डांबर इथल्या उन्हात मऊ होऊन चाकांना चिकटत बाहेर येते. भरण घालायला फेब्रुवारी किंवा नोव्हेंबरसारखा मधला काळ बरा. सांधा सर्वांत रुंद असताना भरले तर उन्हाळ्यात ते पिळून वर येते, आणि मे महिन्यात सांधा मिटलेला असताना भरले तर हिवाळ्यात ताणून फाटते.

सिमेंट फासून भेग का बुजत नाही, तेही यावरून कळते. ज्या भेगेची रुंदी ऋतूप्रमाणे बदलते ती भेग म्हणजे कोब्याने स्वतःच पाडलेला सांधा आहे, आणि तिला सांध्यासारखेच वागवावे लागते. कटरने तिच्या कडा थोड्या रुंद करून आत लवचीक भरण घालावे. सरळ रेषेत दिसणार नाही, पण टिकेल. जी भेग वर्षानुवर्षे तेवढीच राहिली आहे तिच्यात मात्र इपॉक्सी भरता येते.

काळ्या मातीचा भाग मात्र वेगळा विचारात घ्यावा लागतो, कारण तिथे सांधे नेटके असूनही कोबा फुटतो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आक्रसते. तिच्यावर थेट घातलेला कोबा तिच्याबरोबर वरखाली होतो. अशा जागी माती काढून मुरूम भरणे आणि तो थराथराने पाणी मारून धुमसणे याला पर्याय नाही. जुन्या कोब्याच्या बाबतीत हातात उरते ते पाण्याचे नियोजन. छपराचा पन्हळ कोब्याच्या कडेला सोडू नये, दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार घराकडून बाहेर असावा, आणि कडेच्या बागेला दिलेले पाणी कोब्याखाली मुरू देऊ नये. सांध्याचे भरणही इथे दुहेरी उपयोगाचे ठरते, कारण वरचे पाणी तिथूनच खाली जाते.

दर दोन-तीन वर्षांनी चकचकीत सीलर मारायचा जो सल्ला हल्ली दिला जातो, त्याचा मोठा भाग थंड देशांतून आला आहे. तिथे छिद्रांतले पाणी गोठून फुगते आणि बर्फ वितळवायला टाकलेले मीठ पृष्ठभाग खाते, म्हणून सीलर अत्यावश्यक ठरतो. आपल्याकडे यातले काहीच होत नाही. तेलाचे डाग पडतात तेवढ्या भागापुरता आत मुरणारा सीलर वापरायला हरकत नाही. वर पडदा धरणारे रंग मात्र आपल्या उन्हात पिवळे पडतात आणि सोलवटतात. डाग काढायला संडासाचे ॲसिड वापरणे तर पूर्ण थांबायला हवे. ते डागाबरोबर सिमेंटही विरघळवते, आणि खडी उघडी पडलेला पृष्ठभाग पुढे जास्तच मळतो. साबणाचे पाणी, ताठ ब्रश आणि तेल ताजे असतानाच टाकलेला लाकडाचा भुसा एवढ्यावर बहुतेक डाग आटोपतात.

राहता राहिला पेव्हर ब्लॉकचा पर्याय. प्रत्येक ब्लॉकभोवती सांधाच असल्यामुळे तो हलायला मोकळा असतो आणि खचलेला भाग उचलून पुन्हा बसवता येतो. काळ्या मातीत आणि अपुऱ्या मुरुमावर तो कोब्यापेक्षा नक्कीच सरस आहे. मात्र गवत आणि मुंग्या सांभाळाव्या लागतात, आणि कडेला दगडी पट्टी नसेल तर ब्लॉक पांगतात. सगळे अंगणच काँक्रीटने झाकण्याविरुद्ध असलेला आक्षेप मला त्याहून जास्त वजनदार वाटतो. तापलेला कोबा रात्री उशिरापर्यंत घराच्या भिंतींवर उष्णता टाकत राहतो आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरू देत नाही. यावर काँक्रीट सोडून देण्यापेक्षा कमी घालणे मला योग्य वाटते. गाडीच्या चाकांखाली दीड-दीड फुटांचे दोनच पट्टे आणि मध्ये हिरवळ किंवा मुरूम असला, की निम्म्याहून जास्त जमीन मोकळी राहते, ओले ठेवायचे क्षेत्र तेवढेच कमी होते, आणि पट्टे अरुंद असल्याने उभ्या भेगांचा प्रश्न बराचसा मिटतो. त्या पट्ट्यांनाही दर काही फुटांवर आडवा काप हवाच, अरुंद पट्ट्याला तर तो थोडा जवळजवळ घ्यावा.