पालखीचा दिवस

पहाटे पाच. देवळाच्या माळ्यावरून पालखी खाली उतरली की आमच्या घरची जत्रा सुरू होते. वेंगुर्ल्याच्या आसपास कार्तिकापासून गावोगाव जत्रा लागतात, आज आमच्या गावची पाळी. पालखी सजवायचा मान आमच्या घराकडे आहे. रात्रभराचं जागरण पुढ्यात असलं, तरी सकाळी तिला पहिला हात आमचाच लागतो.

सात. दांडीच्या टोकांची पितळी मुखं चिंचेने घासून काढली. त्यांच्या मागचं हातभर लाकूड पिढ्यापिढ्यांच्या खांद्यांनी झिजून किंचित खोल गेलंय. तिथं पॉलिश मी कुणाला लावू देत नाही. खांदा घसरतो.

साडेनऊ. लाल मखमल, गोंडे, झेंडूच्या माळा. मग लोड आणि तक्क्या. तक्क्या टेकवताना दरवेळी मनात येतं, ही बैठक मुळात माणसाच्या पाठीच्या मापाची आहे. पेशवाईत पालखीत बसायचा मान सरकारातून मिळायचा आणि ती बाळगण्याच्या खर्चाला वेगळी नेमणूक असायची.

दुपार. ओट्या भरणाऱ्या बायकांची रांग, केळीचे घड, बाहेर खाज्यांची दुकानं. जेवून सोप्यात जरा टेकलो, पण डोळा लागला नाही. माणसं वाहणाऱ्या पालख्याच मनात फिरत राहिल्या.

१८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लं इंग्रजांकडे गेलं आणि पुढे हे बंदर बेळगावच्या छावणीचं दार झालं. गलबतातून उतरलेला साहेब पालखीत बसायचा, पडद्यातल्या बायका मेण्यात, आणि रामघाट चढायचा तो भोयांच्या पायांनी. काहीजण दांडीखाली, बाकीचे बाजूने चालत, थोड्या थोड्या वेळाने खांदेपालट. रात्री मशालजी तेलाची बुधली घेऊन सोबत धावायचा. सामान कावडीवर. डाक लावलेली असली तर पुढच्या टप्प्यावर नवे भोई उभे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोली घाटातून गाडीरस्ता झाला आणि हे काम सरत गेलं. बसणाऱ्यांनी प्रवासवर्णनं लिहिली. उचलणाऱ्याने लिहिलेलं एकही पान माझ्या वाचनात नाही, आणि हे मला फार सलतं.

संध्याकाळी सहा. खांदेकऱ्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतला एक बोटभर उंच असला तरी दांडी त्याच्याच खांद्यावर बसते, म्हणून पोरांना शेजारी शेजारी उभं करून खांदे बघतो. पुतण्याची यंदा पहिली खेप. त्याच्या खांद्यावर टॉवेलाची चौघडी दिली.

रात्री अकरा. आरती आटोपली, देव पालखीत बसले. ढोल-ताशांचा ठेका चढला, तशी पोरं त्यावर एकदम पाय टाकायला लागली आणि पालखी झोके खाऊ लागली. काका मागून ओरडले, "पाय जुळवू नको रे! मोडून चल, देवाक गचके बसतत!"

पुतण्याने पाऊल अर्ध्यावर आणलं, गुडघे सैल सोडले. पुढच्याचा डावा पडला की याचा उजवा. चार पावलांत गोंडे हलायचे थांबले, समईच्या ज्योतीसारखे स्थिर. भोयांची चाल अशीच असायची, छोटी, घसटती, पुढच्या-मागच्याचे पाय वेगळे. घाटातल्या दगडांवर आतला माणूस झोपू शकायचा तो या चालीमुळे. ते भोई गेले, मेणे गेले. त्यांचं कसब आमच्याकडे देवाच्या पालखीने सांभाळलं, असं मला मनापासून वाटतं. काकांना ते त्यांच्या बापाने शिकवलं, असंच ओरडून.

एक. प्रदक्षिणा संपली, पालखी टेकली. लोक दशावताराकडे वळले.

सकाळी साडेसहा. दहीकाला झाला. पुतण्याने सदरा बाजूला करून खांदा दाखवला. लाल वळ उठला होता. काकांनी खोबरेलाची वाटी त्याच्यापुढे सरकवली आणि स्वतःचा खांदा उघडा केला. तिथं सुपारीएवढा घट्टा आहे. पोराने त्यावर बोट ठेवून पाहिलं. मी मखमलीची घडी घातली आणि दांडी माळ्यावर चढवायला त्या दोघांना हाक मारली.