चार फुटांत ऊन आणि सावली

ब्रिटनमधल्या घरात बिअर्डेड ड्रॅगन पाळायचा, तर त्याच्याआधी ऊन आणावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला हा सरडा आपल्याकडे कुंपणावर मान हलवत बसणाऱ्या सरड्याच्याच कुळातला. अंगात पुरेशी ऊब निर्माण करणं त्याला जमत नाही. ती उन्हातून घ्यायची आणि पुरे झाली की सावलीत सरायचं. ही ये-जा थांबली तर पोटातलं अन्नही नीट पचत नाही. म्हणून त्याच्या राहण्याची पेटी लावताना मी सजावटीचा विचार शेवटी करते.

पेटी लाकडी, चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, पुढे सरकत्या काचा. उजव्या टोकाला हॅलोजनचा दिवा, त्याखाली सपाट पाटीचा दगड. डावं टोक मुद्दाम थंड. दगडाचा पृष्ठभाग ४० अंशांच्या आसपास हवा, थंड बाजू पंचविशीच्या घरात. काचेला चिकटवायचा तापमापक हवेचं तापमान सांगतो. सरडा बसतो दगडावर. त्यामुळे इन्फ्रारेड तापमापक दगडावर रोखायचा. आकडा ४७ आला. दगड खाली सरकवला, तासभर थांबून पुन्हा मोजला. हे सगळं पेटी रिकामी असतानाच करायचं. दिवा थर्मोस्टॅटला जोडलेला, भोवती जाळी, म्हणजे सरडा बल्बला चिकटणार नाही. विजेवर तापणारे नकली दगड दुकानांत मिळतात. त्यांनी पोट भाजतं, ते घेऊच नयेत.

खरी काळजी मात्र अतिनील किरणांची. पेटी खिडकीशी ठेवली की झालं, असं अनेकांना वाटतं. पण ड्रॅगनला लागणारे यूव्हीबी किरण खिडकीची काच जवळजवळ सगळे अडवते. ते नसतील तर कातडीत ड-३ जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. वाकलेलं हाड पुन्हा पूर्ववत होईलच असं नाही. म्हणून टी-५ ची यूव्हीबी नळी छताला, उबेच्याच बाजूला. ऊब आणि किरण एकत्र मिळाले पाहिजेत, उन्हात मिळतात तसे. नळी उजेड देत राहते, पण तिचे किरण हळूहळू ओसरतात आणि डोळ्यांना ते कळत नाही. तिच्या टोकावर मी बसवल्याची तारीख लिहिते. साधारण वर्षाने ती बदलायची.

रात्री सगळे दिवे बंद. लाल बल्बही नको, ड्रॅगनला काळोख लागतो. घर अठरा अंशांपर्यंत उतरलं तरी त्याला चालतं.

दोन्ही टोकांना लपायला जागा हवी, नाहीतर भित्रा प्राणी ऊब सोडून थंड कोपऱ्यातच दडून राहील. तळाला सुरुवातीला साधा कागद: विष्ठा स्पष्ट दिसते, पशुवैद्याकडे जंतांच्या तपासणीला नेता येते. माती त्यानंतर.

प्राणी आला की पहिले काही दिवस हाताळायचा नाही, फक्त पाहायचा. दगडावर तोंड उघडून बसला तर जादा ऊब बाहेर टाकतोय. तसाच बसून न राहता तो थंड बाजूला जातो का, मग परत येतो का, हे बघायचं. दिवसभर एकाच टोकाला राहिला, तर तापमापक पुन्हा हातात घ्यायचा.