प्राचीन मेक्सिकोतील चेंडूखेळ : धोका चेंडूचा, दंतकथा शिरच्छेदाची

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील चिचेन इत्सा येथे माया संस्कृतीचे एक भव्य क्रीडांगण आजही उभे आहे. सुमारे १६८ मीटर लांब व ७० मीटर रुंद असलेल्या या क्रीडांगणाच्या दोन्ही भिंतींवर, उंच जागी, प्रत्येकी एक दगडी कडे बसवलेले आहे. येथे येणाऱ्या पर्यटकांना एक कथा हमखास ऐकवली जाते. सामना जिंकणाऱ्या संघाच्या नायकाचा शिरच्छेद केला जात असे आणि तो हे मरण सन्मान समजून स्वीकारत असे, अशी ही कथा आहे. तिच्यात तथ्य किती?

भरीव रबराचा चेंडू

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत हा खेळ तीन हजारांहून अधिक वर्षे खेळला जात आहे. व्हेराक्रूझ राज्यातील एल मनाती येथील दलदलीत सापडलेले रबरी चेंडू इ.स.पूर्व १६०० च्या सुमारास तयार झालेले आहेत. रबराच्या झाडाचा नुसता चीक वाळल्यावर ठिसूळ होतो. त्यात रताळ्याच्या कुळातील एका वेलीचा रस मिसळून तेथील लोक त्याला लवचीकपणा आणीत, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. अॅझटेक राजवटीत राजधानी तेनोच्तित्लानला खंडणी म्हणून रबराचे १६,००० गोळे मिळत, अशी नोंद सोळाव्या शतकातील मेंदोसा हस्तलिखितात आहे.

हा चेंडू पोकळ नव्हता. या खेळाच्या आजच्या प्रकारातील चेंडूही तीन ते चार किलो वजनाचा असतो. तो हाताने किंवा पायाने नव्हे, तर प्रामुख्याने कमरेने व नितंबांनी परतवायचा असे. त्यासाठी खेळाडू कमरेभोवती जाड कातडे गुंडाळीत. तरीही इजा टळत नसे. सोळाव्या शतकात मेक्सिकोत राहिलेला स्पॅनिश धर्मोपदेशक दिएगो दुरान याने लिहून ठेवले आहे, की खेळाडूंच्या अंगात रक्त साकळत असे व ते चिरा देऊन काढावे लागे. पोटावर चेंडू बसून काही जण मैदानातच गतप्राण होत. पैजेत सर्वस्व हरलेल्यांवर स्वतःलाच गुलाम म्हणून विकण्याची पाळी येई, असेही तो सांगतो.

पाताळातील सामना

शिर आणि चेंडू यांची सांगड पुराणकथेत आढळते. ग्वातेमालातील किचे माया लोकांच्या ‘पोपोल वुह’ या ग्रंथात दोन भावांची कथा आहे. त्यांच्या खेळाच्या आवाजाने त्रासलेले पाताळाचे अधिपती त्यांना बोलावून घेतात व ठार करतात. थोरल्याचे शिर एका झाडावर ठेवले जाते. पुढे त्या शिराची थुंकी हातावर पडून पाताळातील एक कन्या गर्भवती होते आणि जुळ्या पुत्रांना जन्म देते. हे पुत्र मोठे झाल्यावर त्याच पाताळात खेळायला उतरतात. तेथे एकाचे शिर वटवाघूळ उडवते. दुसरा भोपळ्याचे शिर करून वेळ मारून नेतो आणि युक्तीने खरे शिर परत मिळवतो. अखेर पाताळाच्या अधिपतींचा पराभव होतो व जुळे भाऊ आकाशात सूर्य-चंद्र होतात.

शिल्प काय सांगते?

चिचेन इत्सा येथील शिल्पपटांत खेळाडूंच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या आहेत. मध्ये चेंडू असून त्यावर कवटी कोरलेली आहे. एका खेळाडूच्या हाती छाटलेले शिर आहे, तर गुडघा टेकलेल्या दुसऱ्याच्या मानेतून रक्ताच्या धारा सर्परूपाने उसळत आहेत. या खेळाशी नरबळीचा संबंध होता, याचा हा पुरावा होय. मात्र बळी गेलेला खेळाडू विजेता की पराभूत, हे सांगणारा लेख त्या दृश्याशेजारी नाही.

इतर ठिकाणचे पुरावे वेगळीच दिशा दाखवतात. यास्चिलान येथील आठव्या शतकातील पायऱ्यांवर राजा चेंडू खेळताना दिसतो आणि चेंडूच्या आत जखडलेला युद्धकैदी कोरलेला आहे. त्यामुळे बळी जात ते मुख्यतः युद्धात पकडलेल्या शत्रूंचे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. प्रत्येक सामन्याचा शेवट मृत्यूने होत असे, असे मानण्यास आधार नाही. गावोगावी हा खेळ करमणूक, प्रतिष्ठा व पैज यांसाठीही खेळला जात असे.

स्पॅनिश सत्ता आल्यावर जुन्या धर्माशी जोडलेला म्हणून हा खेळ दडपण्यात आला. तरीही वायव्य मेक्सिकोतील सिनालोआ राज्यात तो ‘उलामा’ या नावाने टिकून राहिला. तेथील खेळाडू आजही कमरेला कातडे बांधून मैदानात उतरतात. शिरच्छेदाची भीती त्यांना नाही. मात्र दुरानने वर्णिलेला जड चेंडूचा तडाखा त्यांना आजही सोसावा लागतो.